इटालियन खाणावळींत वऱ्हाडी पाहुणा

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, सोनाळा हें गांव आहे. उत्तरेस अंबाबरव्याचें अभयारण्य, गांवांत संत सोनाजी महाराजांचें संस्थान, आणि सभोंवार कापूस, ज्वारी व तूर यांचीं शेतें. दिवाळीची सुटी लागली कीं पूर्वी येथील माणूस फार तर शेगांवास दर्शनाला किंवा एखाद्या नातलगाच्या गांवीं जात असे. आतां तसें राहिलेलें नाहीं. शेगांवच्या स्टेशनावर गाडींत बसून मुंबई गांठावी व तेथून कोकण रेल्वेनें गोव्यास जावें, असा बेत मध्यम स्थितींतील कुटुंबेंहि करूं लागलीं आहेत.

समुद्र पाहून होतो, देवदर्शन होतें, आणि संध्याकाळीं भुकेची वेळ येते. पाळोळें किंवा हरमल यांसारख्या किनाऱ्यावरील गांवांत इटालियन जेवण देणारीं लहान भोजनगृहें आहेत. त्यांतील एखाद्याची पाटी पाहून मुलें हट्ट धरतात. वडील दाराशीं घुटमळतात. काय मागवावें आणि बिल किती होईल, हे दोन प्रश्न त्यांना पडलेले असतात. बरोबरच्या आजीबाई माळकरी असतात. त्यांच्या मनांत एकच प्रश्न असतो, ‘येथें आपल्या तोंडीं भलतें कांहीं तर जाणार नाहीं ना?’ हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांचीं उत्तरें कठीण नाहींत. अडचण एवढीच कीं, आपण अडाणी दिसूं या भयानें पुष्कळ जण ते प्रश्न तोंडावाटे काढीतच नाहींत.

हें भय प्रथम घालविलें पाहिजे. इटलींत जेवणाच्या जागांना त्यांच्या स्वरूपाप्रमाणें निरनिराळीं नांवें आहेत. ‘रिस्तोरान्ते’ हें थाटाचें भोजनगृह. ‘त्रात्तोरिया’ म्हणजे बहुधा एका कुटुंबानें चालविलेली साधी खाणावळ. ‘ओस्तेरिया’ हें मूळचें द्राक्षासवाचें दुकान. तेथें पुढें दोन घास खाण्याचीहि सोय झाली. ‘पिझ्झेरिया’ म्हणजे पिझ्झ्याची भट्टी. सुटीवरचा प्रवासी ज्या ठिकाणीं शिरतो तें बहुधा त्रात्तोरियाच्या किंवा पिझ्झेरियाच्या जातीचें असतें. त्रात्तोरियाचें मूळ वळण आपल्याकडील घरगुती खाणावळीसारखेंच आहे: बाजारांत त्या दिवशीं जें ताजें मिळालें तें शिजवावें आणि येईल त्यास वाढावें. तेव्हां अशा दारांत उभें राहून संकोचण्याचें कांहींच कारण नाहीं.

जेवणाचा क्रम मात्र आपल्या ताटाहून निराळा आहे. आपल्याकडे वरण, भात, भाजी, पोळी, चटणी हें सर्व एकाच ताटांत मांडलें जातें आणि जेवणारा आपल्या रुचीप्रमाणें घास जुळवितो. इटालियन पद्धतींत एकामागून एक पदार्थ येतो. प्रथम ‘आंतीपास्तो’, म्हणजे भूक चाळविणारे किरकोळ पदार्थ. मग ‘प्रीमो’, म्हणजे पास्ता, भात किंवा सूप. त्यानंतर ‘सेकोंदो’, म्हणजे बहुधा मांस किंवा मासळी, व तिच्यासोबत ‘कोंतोर्नो’ ही भाजी. शेवटीं ‘दोल्चे’, म्हणजे गोड. यादी पाहून नवख्या माणसास वाटतें कीं हें सारें मागवावेंच लागेल. तसा नियम नाहीं. इटलींतहि एखादा प्रीमो आणि थोडी भाजी घेऊन उठणारे पुष्कळ असतात. चौघांनीं दोन पिझ्झे, एक पास्ता आणि एक कोशिंबीर मागवून वाटून खाल्लें, तर गोव्यांत त्यांना कोणी नांवें ठेवीत नाहीं.

यादींतील नांवें परकीं असलीं तरी त्यांमागचें धान्य परकें नाहीं. पास्त्याचेंच पाहावें. वाळविलेला पास्ता डुरम नांवाच्या कठीण गव्हाचा होतो. इटलींत तर कायद्यान्वयें तो या गव्हाच्याच रव्याचा करावा लागतो. वऱ्हाडांत कोरडवाहू रानांत पूर्वापार पेरला जाणारा बन्सी गहूं याच डुरम जातीचा आहे. त्याचा दाणा कठीण व पिवळसर असतो, रवा चांगला निघतो, आणि त्याचा पदार्थ शिजविल्यावरहि आकार सोडीत नाहीं. म्हणून इटालियन आचारी पास्ता किंचित् दाताखालीं लागेल इतपतच शिजवितो. तो कच्चा राहिला असें समजून रागावूं नये. मऊ हवा असल्यास तसें आधींच सांगावें.

आकाराचीहि गोष्ट तशीच. वऱ्हाडांतील बायका कणकेची बारीक वळी काडीभोंवतीं गुंडाळतात, काडी अलगद काढून घेतात आणि पोकळ, वेढ्यावेढ्यांचे सरगुंडे उन्हांत वाळवितात. पुढें ते शिजवून आंब्याच्या रसाबरोबर खातात. इटलीच्या दक्षिण टोंकास कालाब्रिया नांवाचा प्रांत आहे. तेथील बायका ‘फेर्रेत्तो’ या लोखंडाच्या बारीक सळईवर कणीक अशीच वळून पास्ता करतात. दोघींनीं एकमेकींस कधीं पाहिलेलें नाहीं. परंतु पोकळ शेवई लवकर वाळते आणि आंतबाहेर सारखी शिजते, हें दोघींच्याहि हातांस ठाऊक आहे. ‘पास्ता ए फाजोली’ या नांवाचा एक पदार्थ यादींत कधींकधीं दिसतो. घेवड्याच्या दाण्यांच्या आमटींत पास्ता शिजवून तो करतात. ज्यानें घरीं वरणफळें खाल्लीं आहेत त्यास याहून अधिक सांगावयास नको. जेथें मांस परवडत नव्हतें तेथें धान्य आणि डाळ यांची जोड घालून गरिबांनीं आपलें शरीर राखलें. ही युक्ति दोन्हीं देशांत सारखीच.

पिझ्झा हें नेपल्स शहरांतील गोरगरिबांचें रस्त्यावरचें खाणें होतें. आंबविलेल्या पिठाची भाकरीसारखी चकती, तिच्यावर टोमॅटोचा रस, तेल आणि असल्यास चीज, एवढाच त्याचा संसार. आज त्यास मोठी प्रतिष्ठा आली आहे. नेपल्सच्या पिझ्झा करण्याच्या कलेची नोंद युनेस्कोनें २०१७ सालीं मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत केली. आपला रोडगा गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत सावकाश भाजला जातो. नेपल्सचा पिझ्झा याच्या उलट: लाकडाच्या भट्टींत साडेचारशें अंश सेंटिग्रेडच्या आसपास उष्णता असते आणि तो ६० ते ९० सेकंदांत तयार होतो. या प्रखर आंचेमुळें कडा फुगतात व त्यांवर काळे ठिपके पडतात. ते करपल्याचें नव्हे, तर भट्टी नीट तापल्याचें चिन्ह होय. ज्या टोमॅटोवांचून हें जेवण आज कल्पितां येत नाहीं, तो मूळचा इटलीचा नव्हे. अमेरिका खंडांतून तो सोळाव्या शतकांत युरोपांत आला. आपल्या ठेच्यांतील मिरचीहि अमेरिकेचीच. ती पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानांत आली. उसनें घेऊन आपलेंसें करणें दोघांनाहि साधलें आहे. पिझ्झ्यावर जें हिरवें, सुवासिक पान असतें तें बेझिलचें. हें झाड आपला सब्जाच असून तुळशीच्या जवळच्या कुळांतलें आहे. आजीबाईंना एवढें सांगितलें तरी त्यांची परकेपणाची भावना पुष्कळ कमी होईल.

येथवर साम्य झालें. तें जेथें संपतें तेथें मात्र जपलें पाहिजे, कारण आजीबाईंचा प्रश्न नेमका तेथेंच आहे. ज्या पदार्थांत मांसाचा तुकडा दिसत नाहीं तो शाकाहारी, ही समजूत या जेवणांत पुरी पडत नाहीं.

पहिली गोष्ट अंड्याची. वाळविलेला पास्ता बहुधा नुसत्या रवा-पाण्याचा असतो. पण ताज्या पास्त्यांत, विशेषतः उत्तरेकडील पद्धतीच्या, पुष्कळदां अंडें घातलेलें असतें. दुसरी गोष्ट मांसाच्या काढ्याची. ‘रिसोत्तो’ या मऊ भातास किंवा भाज्यांच्या सुपास जें पाणी घालतात, तें पुष्कळ ठिकाणीं कोंबडीचीं वा इतर जनावरांचीं हाडें उकळून काढलेलें असतें. तिसरी गोष्ट मासळीची. टोमॅटोच्या कांहीं रसांत अँचोव्ही नांवाची खारविलेली मासळी विरघळवितात. ती मांदेलीच्या कुळांतील असून शिजल्यावर डोळ्यांस दिसतहि नाहीं.

चौथी गोष्ट चीजची, आणि ती सर्वांत कमी ठाऊक आहे. दूध घट्ट करण्यासाठीं जो पदार्थ विरजणासारखा वापरतात त्यास रेनेट म्हणतात. जुन्या पद्धतीनें तो दूधपित्या वासराच्या जठरांतून काढला जातो. पास्त्यावर किसून घालतात तें अस्सल ‘पार्मिजानो रेज्जानो’ चीज निदान बारा महिने मुरविलेलें असतें, आणि तें ठरलेल्या नियमांनुसार वासराच्याच रेनेटनें करावें लागतें. ‘पेकोरीनो रोमानो’ या मेंढीच्या दुधाच्या चीजला कोकराचें रेनेट लागतें. भारतांतील पुष्कळ डेअऱ्या मात्र सूक्ष्मजंतूंपासून केलेलें रेनेट वापरतात, आणि अशा चीजच्या पाकिटावर हिरव्या चौकोनांत हिरवा ठिपका छापलेला असतो. म्हणून चीज देशी कीं परदेशी, हें विचारावें. शंका राहिल्यास पाकीट दाखविण्याची विनंती करावी. पांचवी गोष्ट गोडाची. ‘पान्ना कोत्ता’ बहुधा जिलेटिननें घट्ट करतात, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांपासून निघतें. ‘तिरामिसू’मध्यें कच्चें अंडें व पुष्कळदां मद्यहि असतें. फळांचा ‘सोर्बेत्तो’ बहुधा पाणी, साखर आणि फळांचा रस यांचाच करतात. पण तोहि विचारूनच घ्यावा.

विचारावें कसें, हें महत्त्वाचें आहे. ‘हें शाकाहारी आहे काय?’ एवढाच प्रश्न केला तर वाढपी प्रामाणिकपणें ‘होय’ म्हणेल, कारण ज्या स्वयंपाकाची त्याला सवय आहे त्यांत चीज किंवा सुपाचें पाणी मांसांत मोजीत नाहींत. प्रश्न वस्तूंचे असावेत: पास्त्यांत अंडें आहे काय? पाणी कशाचें घातलें? चीज कोणतें? यांत लसूण आहे काय? हे प्रश्न हिंदींत किंवा मराठींत विचारण्यास संकोच नसावा. गोव्यांतील अशा भोजनगृहांत दोन्ही भाषा समजणारा कोणीतरी सहसा असतो. लसणाचा प्रश्न चातुर्मास पाळणाऱ्यांसाठीं आहे, कारण दिवाळीची सुटी चातुर्मासांतच येते. ज्यांना लसूण चालतो त्यांनीं ‘मारिनारा’ पिझ्झा घ्यावा. त्यांत टोमॅटो, लसूण, रानओव्यासारखा ओरेगानो आणि तेल असतें, चीज मुळींच नसतें. ज्यांना तो चालत नाहीं त्यांनीं वाळविलेला पास्ता, टोमॅटो व बेझिल घालून, बिनलसणाचा करून मागावा. रस आधींच लसूण घालून केलेला असेल तर आचारी तसें सांगेल, आणि तेंहि उत्तर उपयोगाचेंच.

एवढें करूनहि एक गोष्ट उरते. सर्व पिझ्झे एकाच भट्टीच्या फरशीवर भाजले जातात. मांसाचा आणि भाजीचा असा भेद फरशीला नसतो. ज्यांना हेंहि चालत नाहीं त्यांना घरच्या मंडळींनीं ‘एका दिवसानें काय होतें’ असें म्हणून भरीस घालूं नये. आजीबाईंनीं शहाळें घ्यावें, एखादें फळ खावें आणि पुढें शुद्ध शाकाहारी भोजनालयांत जेवावें. नातवंडांनींहि त्यांच्याबरोबर दोन पावलें चालत जावें. व्रत तिचें असलें तरी सुटी सर्वांची असते.

राहिला बिलाचा प्रश्न. यादीवरील किंमतीवर सामान्य भोजनगृहांत पांच टक्के वस्तु व सेवा कर लागतो. ‘सेवा-आकार’ म्हणून जी निराळी रक्कम कोठें कोठें लावतात ती देणें सक्तीचें नाहीं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ सालीं तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें ते कायम केले. वाढप्यानें मनापासून सेवा केली असेल तर खुषीनें त्याच्या हातावर कांहीं ठेवावें. तो निराळा व्यवहार आहे. फळ्यावर खडूनें लिहिलेल्या खास पदार्थाची किंमत कधींकधीं लिहिलेली नसते. ती आधीं विचारावी. पाणी साधें हवें कीं बाटलीचें, हेंहि सांगावें.

जेवणापूर्वीं विचारणें हा यजमानाचा अपमान नव्हे. वऱ्हाडांत पंक्तीला बसलेला माळकरी पाहुणा भाजींत कांदा आहे काय असें सहज विचारतो, आणि वाढणारी बाई सहज उत्तर देते. त्यांत कोणासच कमीपणा वाटत नाहीं. तोच सहजपणा परक्या दारांत नेला म्हणजे झालें. आपल्या घरचें अन्न जो नीट ओळखतो त्यास परक्याचें अन्न ओळखण्यास वेळ लागत नाहीं, आणि जेथें तें आपलें नाहीं तेथें नम्रपणें ‘नको’ म्हणण्याचें बळहि त्यांतूनच येतें.

सुटी संपते आणि मंडळी सोनाळ्यास परततात. पुढें उन्हाळ्यांत अंगणांत बाज टाकली जाते, तिच्यावर स्वच्छ धोतर पसरलें जातें आणि आजीबाई काडीवर सरगुंडे वळूं लागतात. गोव्यांत ज्या पोकळ शेवयांसाठीं मुलांनीं हट्ट धरला होता, त्या येथें बन्सीच्या कणकेच्या, अंड्यावांचून, उन्हांत वाळत असतात. त्या वेळीं मुलांना काडी हातांत धरावयास द्यावी.