बारवेतलं कबुतर

समजा, चारठाणा गावातला सात वर्षांचा एक स्वमग्न मुलगा आईबरोबर गोकुळेश्वराच्या देवळात जाऊन आला. बारव पाहिली, दीपस्तंभाखाली मान वर करून उभा राहिला. संध्याकाळी आजी विचारते, "काय काय पाह्यलं रे?" पोर गप्प. याच्या काही ध्यानातच राहत नाही, असं घरच्यांना वाटतं. पण जिंतूरच्या एसटीच्या वेळा याच पोराला तोंडपाठ असतात!

हे कोडं जुनंच. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ स्वमग्न मुलांविषयी निबंध लिहिला, त्यातही अशा पाठांतराची नोंद आहे. पुढे १९७२ मध्ये मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्व्हिंग यांनी माहितीची स्मृती आणि प्रसंगाची स्मृती असा भेद मांडला. एसटी किती वाजता येते, ही माहिती. त्या दिवशी पायरीवर बसलो तेव्हा दगड तापला होता, हा प्रसंग. स्वमग्न मुलांचं अडतं ते बहुधा इथं.

लंडनच्या सिटी विद्यापीठातले डर्मॉट बाउलर यांच्या प्रयोगांत एक गोष्ट दिसली. नुसतं 'आठवा' म्हटलं की अडखळणारी स्वमग्न माणसं, एखादी खूण हाती दिली की पुष्कळ सांगू शकतात. मला यात फार मोठी आशा दिसते. आठवण असते, तिथवर पोचायला हात धरावा लागतो.

हात धरायचा कसा, ते न्यूझीलंडच्या एलेन रीस यांच्या संशोधनातून कळतं. ज्या आया प्रसंगात तपशील भरतात, मोकळे प्रश्न विचारतात आणि मुलाच्या शब्दाला धरून पुढं जातात, त्यांची मुलं आपले अनुभव अधिक भरभरून सांगतात. हे काम मुख्यतः स्वमग्न नसलेल्या मुलांवरचं. स्वमग्न मुलापाशी आधार जास्त हवा, घाई अजिबात नको.

म्हणून आधी आईनंच सांगावं, "आपण बारवेत उतरलो. खाली गार होतं." मग थांबावं. मुलगा म्हणेल, "कबुतर." देवळाचं विचारलं, कबुतराचं नाही, असं म्हणून ते खोडू नये, त्याची आठवण तिथूनच सुरू होते. "हो, फडफडलं. तू कान झाकलेस. भ्याला होतास का?" बोलत नसेल, तर मोबाइलमधला बारवेचा फोटो समोर धरावा. तो बोट कुठं ठेवतो, ते पाहावं आणि त्या जागेचं बोलावं.