आजोबांच्या शाळेचा उतारा

बी.एड.च्या प्रवेशाचा विषय निघाला की जो तो सीईटीचं बोलतो. १०० प्रश्न, ९० मिनिटं, १०० गुण. ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, ३० सामान्य ज्ञानाचे, ३० शिक्षक अभियोग्यतेचे. उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ती संगणकावर घेतो, निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो आणि त्यावर गुणवत्ता यादी लागते. क्लासच्या जाहिराती, सराव प्रश्नसंच, मोबाइलवरचे व्हिडिओ, सगळं या नव्वद मिनिटांभोवती फिरतं.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कला शाखेच्या पदवी महाविद्यालयात शिकवतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या मुली फॉर्म भरायला येतात, त्यांच्या शेजारी बसून मी मदत करतो. एवढ्या वर्षांत माझी खात्री झाली आहे की आमच्याकडच्या बहुतेक मुलींचा प्रवेश परीक्षेत अडत नाही. तो अडतो कागदांत. आणि त्या कागदांत सगळ्यांत जड कागद एकच, जात पडताळणीचा. मुली त्याला ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात.

‘सर, पर्सेंटाइल चांगलं आलंय, पण व्हॅलिडिटी नाहीये.’ हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात आणि तो बहुतेकींकडे असतो. तो खरा आहे असं जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीने ठरवलं, की व्हॅलिडिटी मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर बसायचं तर ती लागते आणि बी.एड. व्यावसायिक अभ्यासक्रमात मोडतो. समितीसमोर जात सिद्ध करायला त्या त्या प्रवर्गाच्या मानीव दिनांकाच्या आधीचा पुरावा मागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आता हिशोब करून बघा. ओबीसी मुलीचे वडील १९७५च्या आसपास जन्मलेले असतील, तर त्यांच्या शाळेच्या दाखल्यावरची तारीख १९६७ नंतरचीच असणार. म्हणजे वडिलांचा दाखला पुरत नाही, आजोबांचा शोधावा लागतो.

आणि आजोबा शाळेत गेले होते का, हा इथला खरा प्रश्न.

गेले असतील तर जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं, जाडजूड आणि कडा कुरतडलेलं. मुख्याध्यापक चांगले असले तर मुलीला घेऊन बसतात आणि पानं उलटतात. नाव, जन्मतारीख, जात, दाखल केल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख. त्यावरून निर्गम उतारा लिहून देतात. आमचा भाग १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे फार जुन्या कागदांत कधी उर्दू निघते, कधी मोडी. मग जाणकार शोधून त्याचं भाषांतर करून घ्यायचं. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज साऱ्या राज्याला कळली. आमच्या मुलींना ती त्याआधीपासून माहीत होती.

अशा एका रजिस्टरशेजारी मी बसलो होतो. आजोबांची नोंद मुलीलाच आधी दिसली. दुसरीत नाव कमी झालं होतं आणि कारणाच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ असं लिहिलेलं. ती बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. नंतर म्हणाली, ‘आजोबा ढोरांमागं जायचे, ते सांगायचे मला.’ पुन्हा बोट ठेवून तिने तारीख वाचली. ती १९६७च्या आधीची होती. दोन वर्षं शाळेत गेलेल्या माणसाच्या नोंदीवर नातीच्या प्रवेशाचं काम झालं.

आजोबा शाळेतच गेले नसतील, तर चुलत आजोबा बघायचे. तेही नसतील तर जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि जुने महसुली कागद. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला पुरावा चालतो, म्हणून वंशावळीचं शपथपत्र करावं लागतं: पणजोबांपासून खाली कोणाला किती मुलगे आणि कोणाची कोण. भावकीत कोणाला आधीच व्हॅलिडिटी मिळालेली असली तर काम पुष्कळ सोपं होतं. पण भावकी म्हणजे बांध आला आणि बांध म्हणजे भांडण. चुलत्याच्या घरात व्हॅलिडिटीचा कागद ट्रंकेत ठेवलेला असतो आणि धुऱ्याच्या वादापायी झेरॉक्स द्यायला तो तयार नसतो. मुलगी रडवेली होऊन येते. अशा वेळी गावातलं कोणी वडीलधारं मध्ये पडलं तर पडलं. ही अडचण कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेली नसते.

लग्न झालेल्या मुलींचं आणखी अवघड. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, पदवी लग्नानंतर पूर्ण झाली असेल तर तिथे कधी हे, कधी ते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडल्याशिवाय एकाच बाईची ही दोन नावं जुळत नाहीत. जात मात्र वडिलांकडूनच सिद्ध करायची, म्हणजे कागदासाठी माहेरी जायचं. राखीव जागेसाठी लागणारं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रही आईवडिलांच्या परिस्थितीवरून ठरतं, सासरच्या नाही. सासर दीडशे किलोमीटरवर, कडेवर लहान मूल, आणि तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला माहेरच्या गावात. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे गेल्या वर्षी धडपडून काढलेलं यंदा चालेलच असं नाही. शिकवण्याची तळमळ कोणाला किती आहे हे मोजायचंच असेल, तर मला त्या अभियोग्यतेच्या ३० प्रश्नांपेक्षा या खेपांत ती जास्त दिसते.

त्या प्रश्नांबद्दलही बोललं पाहिजे. वर्गात एक मूल सारखं खिडकीबाहेर बघतंय, तुम्ही काय कराल? रागवाल, बाहेर काढाल, दुर्लक्ष कराल, की कारण समजून घ्याल? या धर्तीचे प्रश्न सराव संचांत भरपूर असतात आणि बरोबर पर्याय कोणता हे न शिकवताही कळतं. शिक्षक होण्याची ओढ चार पर्यायांत पकडता येईल असं मला वाटत नाही. पण हजारो उमेदवारांना एका पट्टीने मोजायचं तर दुसरं काय करता येईल, हेही मला सांगता येत नाही. तोंडी मुलाखतीत ओळख आणि वशिला शिरतो. संगणक निदान सगळ्यांना सारखं वागवतो, म्हणून मी सीईटीच्या बाजूचा आहे.

परीक्षेनंतरचा भाग ठरल्या क्रमाने जातो. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची नोंदणी, कागद अपलोड, त्यांची ऑनलाइन तपासणी (ई-स्क्रुटिनी), तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग महाविद्यालयांचे पर्याय. इथे मुली लाजतात आणि दोन-तीनच महाविद्यालयं भरतात, कारण घरच्यांनी ‘एवढीच’ असं सांगितलेलं असतं. मी घरच्यांना बोलावून घेतो. बी.एड.चं एक युनिट ५० विद्यार्थ्यांचं असतं आणि राखीव प्रवर्गांच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच जागा येतात, हे कागदावर मांडून दाखवलं की वडील आणखी नावं घालायला तयार होतात. कॅपमधून जागा मिळण्याला आता वेगळंही मोल आलं आहे. २०२४-२५पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती सवलत लागू नाही. व्हॅलिडिटी नसली की राखीव जागा जाते, खुल्या गटातून नंबर लागला नाही तर कॅपही जातं आणि त्याच्यासोबत ही माफीही.

काही वर्षी सरकारने पडताळणीसाठी अर्ज केल्याच्या पावतीवर प्रवेश दिले आणि प्रमाणपत्रासाठी मुदत वाढवली. त्याने अनेकींचं वर्ष वाचलं. पण पावतीवरच्या मुलीला मुदत संपेपर्यंत नीट झोप लागत नाही, हेही मी पाहिलं आहे. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेत जाऊन शिकवायचं असतं. इतकं मोठं काम समोर असताना मन समितीच्या तारखेकडे लागलेलं असतं.

यात कोणा एका कार्यालयाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. खोट्या दाखल्यांवर खऱ्या गरजूंच्या जागा गेल्या आहेत आणि पडताळणी त्यासाठीच आली. माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांचे पडताळणीचे प्रस्ताव कनिष्ठ महाविद्यालयातूनच भरून घेतले जातात, कारण ती पोरं इंजिनिअरिंगला, मेडिकलला जाणार हे सगळ्यांनी धरलेलं असतं. कला शाखेच्या मुलींना कोणी विचारत नाही. त्या पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाला जातील असं कोणाच्या ध्यानीमनीच नसतं. मग बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात सीईटीची जाहिरात येते आणि जो प्रस्ताव अकरावीत टाकता आला असता, तो मे महिन्यात, सेतू केंद्राच्या रांगेत, तापल्या पत्र्याखाली सुरू होतो.

म्हणून आम्ही काही शिक्षकांनी बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एक काम सुरू केलं. प्रवेश पूर्ण झाले की मुलींना एक कोरा कागद द्यायचा आणि त्यावर वंशावळ काढून आणायला सांगायची: पणजोबा, आजोबा, चुलत आजोबा, कोण कोणत्या गावच्या शाळेत होतं, भावकीत व्हॅलिडिटी कोणाकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्या शाळांचे उतारे आणायचे आणि सुट्टी संपली की प्रस्ताव ऑनलाइन भरायला बसायचं. पुढे बी.एड. करायचं की नाही हे त्या वेळी बहुतेकींचं ठरलेलं नसतं. ‘लग्न झालं तर?’ असं एकीने विचारलं. मी तिला सांगितलं, तेव्हा तर हा कागद आधी हातात पाहिजे. तिने आजोबांची शाळा कुठली ते वहीत लिहून घेतलं आणि शेजारणीला विचारलं, ‘तुझे आजोबा पण तिथंच होते ना?’