ट्रायथलॉनमध्ये पळताना पाय का गळतात? मॅरेथॉनचा प्लॅन उचलण्याआधी हे गणित मांडून बघा

पहाटे साडेपाचला सोलापुरात विजापूर रोडला चक्कर टाका. संभाजी तलावाच्या बाजूला चालणाऱ्यांची गर्दी असते आणि त्यांच्यामधून वाट काढत, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पळणारे काही जण दिसतात. त्यातले दोन-चार असे असतात की कालच ते सायकलवर पन्नास-साठ किलोमीटर जाऊन आलेले असतात आणि उद्या पोहायला जाणार असतात. ही ट्रायथलॉनवाली मंडळी.

यांच्या गप्पा ऐकल्या तर एक वाक्य हमखास कानावर पडतं. "पोहणं झालं, सायकलपण झकास झाली, पण पळताना पार वाट लागली राव."

मग त्यावरचा उपायही ठरलेला. कुणीतरी म्हणतं, "तुझं रनिंग कच्चं आहे, एक मॅरेथॉन कर." भाऊ मोबाईलवर सोळा आठवड्यांचा प्लॅन शोधतो, स्क्रीनशॉट काढतो आणि सोमवारपासून सुरू करतो. आमच्या एका मित्राने हेच केलं. पोहणं आणि सायकल जसंच्या तसं ठेवलं आणि वर आठवड्याला पाच दिवसांचं पळणं चढवलं. सातव्या आठवड्यात नडगी दुखायला लागली आणि पुढचा दीड महिना पळणं बंद. ज्या स्पर्धेसाठी हा सगळा खटाटोप होता, ती त्याने फोनवर बघितली.

प्लॅन वाईट नव्हता. तो दुसऱ्याच माणसासाठी लिहिलेला होता.

आधी अंतरं बघू. ऑलिंपिकमध्ये २००० सालच्या सिडनीपासून जी ट्रायथलॉन आहे, त्यात दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणं असतं. गोव्यात २०१९ पासून होणारी आयर्नमॅन ७०.३ म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट, म्हणजे शेवटी अख्खी ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. मिलिंद सोमणने २०१५ मध्ये झ्युरिचला केली ती ही. पन्नाशीला काही महिने बाकी असताना त्याने १५ तास १९ मिनिटांत ती पूर्ण केली आणि त्यानंतर महाराष्ट्रात घरोघरी 'आयर्नमॅन' हा शब्द माहीत झाला.

या तिन्हींत पळणं शेवटी येतं. त्यामुळे तुमचं पळणं किती कच्चं आहे, हे त्या शेवटच्या टप्प्यावरून ठरवायला गेलात तर फसाल. तिथे पाय तुमचे असतात, पण त्यातली ताकद सायकलने आधीच खर्च केलेली असते.

म्हणून प्लॅन शोधण्याआधी एक साधी वजाबाकी करा.

समजा नुसती हाफ मॅरेथॉन तुम्ही २ तास ५ मिनिटांत पळता आणि ७०.३ मध्ये तेच अंतर तुम्हाला २ तास ४५ मिनिटं लागलं. फरक ४० मिनिटांचा. हा वेगाचा प्रश्नच नाही. २ तास ५ मिनिटांची हाफ पळणारे पाय तुमच्याकडे आहेत, ते तिथपर्यंत शाबूत पोहोचले नाहीत एवढंच. अशा माणसाने मॅरेथॉनचा प्लॅन करून आपली हाफ पाच मिनिटांनी सुधारली, तरी ती ४० मिनिटं तिथेच राहतील.

याउलट ट्रायथलॉनमध्ये तुम्हाला २ तास २० मिनिटं लागली असतील, तर फरक फक्त १५ मिनिटांचा आहे. म्हणजे सायकल शिस्तीत चालवली, खाल्लं-प्यायलं नीट. आता वेळ कमी करायचा तर मूळ पळण्याचाच वेग वाढवायला लागेल. पळण्याचा प्लॅन हवाय तो या माणसाला.

पहिल्या प्रकारातले लोक जास्त दिसतात, असं आमचं निरीक्षण आहे. त्यांचा घोळ बहुतेक वेळा सायकलवरच होतो. पहिले ३० किलोमीटर जोशात, पुढच्याला मागे टाकायचं म्हणून जोर लावायचा आणि खायचं विसरायचं. शरीरात साठवलेली साखर जोराच्या मेहनतीत दीड-दोन तासांत संपत येते. ९० किलोमीटर सायकलला तीन-साडेतीन तास लागणार असतील, तर तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. एक मध्यम केळं म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तासाला दोन केळी आणि वर थोडं साखरेचं पाणी. आपली शेंगाची पोळी घरी कितीही लाडकी असली तरी सायकलवर तिला नेऊ नका. शेंगदाण्यातलं तेल पचायला वेळ लागतो आणि पळायला उतरल्यावर ती वर येते.

आता दुसऱ्या प्रकारातल्या, म्हणजे खरोखर वेग हवा असलेल्या माणसाकडे येऊ.

जगातले नावाजलेले मॅरेथॉन प्लॅन मांडून बसलात, तर त्यांच्यातला तुमच्या कामाचा फरक एकच आहे. आठवड्याला किती दिवस पळायला लावतात? अमेरिकेतल्या हॅन्सन बंधूंचा प्लॅन सहा दिवस पळवतो. त्यात सगळ्यात लांब पळणं २६ किलोमीटरच्या आसपासच ठेवलंय, पण रोजच्या पळण्याने पाय सतत थकलेले राहावेत, हाच त्यांचा हेतू आहे. पीट फिट्झिंजरच्या प्लॅनमध्ये बऱ्यापैकी हलक्या आवृत्तीतसुद्धा ऐन भरात आठवड्याला ८८ किलोमीटरपर्यंत मजल जाते. दोन्ही प्लॅन उत्तम आहेत, पण ते फक्त पळणाऱ्यांसाठी. नोकरी, घर, आठवड्याला दोनदा पोहणं आणि दोन-तीनदा सायकल असलेल्या माणसाने तिकडे बघू नये.

हाल हिग्डनचा नवशिक्यांचा प्लॅन चार दिवसांचा आहे. अठरा आठवडे, लांब पळणं हळूहळू ३२ किलोमीटरपर्यंत. सोपा आणि सुरक्षित. पण तो मॅरेथॉन पूर्ण करायला शिकवतो, वेग वाढवायला नाही. वेगाचं पळणं त्यात जवळपास नाहीच.

उरतो तो फर्मनचा प्लॅन. याची गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामध्ये फर्मन नावाचं विद्यापीठ आहे. तिथले बिल पियर्स आणि स्कॉट मर हे दोघे ट्रायथलॉनच्या नादाला लागले. पोहायला आणि सायकलला वेळ काढायचा म्हणून पळण्याचे दिवस कमी करत करत तीनवर आणले. पळण्याची वेळ घसरेल असं वाटत होतं, पण ती घसरली नाही. त्यातून आठवड्याला तीनदा पळा आणि दोनदा सायकल किंवा पोहणं करा, असा प्लॅन तयार झाला. म्हणजे लोक ज्याला मॅरेथॉनचा प्लॅन म्हणतात, तो मुळात ट्रायथलॉनच्याच घरातला आहे.

यातल्या तीन पळण्यांची कामं वेगवेगळी आहेत. एक दिवस इंटर्व्हल, म्हणजे ४०० मीटर ते दीड किलोमीटरचे जोरकस तुकडे आणि मध्ये विश्रांती. एक दिवस टेम्पो, म्हणजे दम लागतो पण सुटत नाही अशा वेगाने सलग काही किलोमीटर. एक दिवस लांब पळणं. उगाच म्हणून पळण्याचा दिवस नाही.

पण यात एक खाच आहे, आणि ती या प्लॅनचं कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत. तिन्ही पळणी कष्टाची आहेत. वर ज्या दिवशी पळणं नाही, त्या दिवशी तुम्ही मित्रांबरोबर सायकलवर शर्यत लावलीत, तर आठवड्यात हलका दिवस उरतच नाही. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा साधारण ८० टक्के सराव हलक्या जोराचा असतो असं दिसलं. आपण नेमकं उलटं करतो. रोजच मध्यम जोरात, ना धड हलकं ना धड कडक. त्यामुळे आमचं मत असं की तीन दिवसांचा साचा घ्या, पण त्यातलं लांब पळणं निवांत करा, गप्पा मारता येतील इतकं. सायकलच्या दोन फेऱ्यांपैकी एक तरी हळू ठेवा. कडक दिवस आठवड्यात दोन किंवा तीन, बस्स.

मग वेग किती ठेवायचा? इथे जॅक डॅनियल्स कामाला येतात. (हो, नाव तेच, पण हे प्रशिक्षक होते.) हे गृहस्थ स्वतः १९५६ आणि १९६० च्या ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनच्या सांघिक पदकांचे मानकरी. त्यांचं म्हणणं असं की स्वप्नातल्या वेळेवरून सरावाचा वेग ठरवू नका, आज जितकं पळता त्यावरून ठरवा. समजा तुम्हाला १० किलोमीटरला बरोबर एक तास लागतो, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं. जो वेग तासभर टिकतो तोच साधारण तुमचा टेम्पोचा वेग, म्हणजे तुमचा टेम्पो ६ मिनिटांचा. इंटर्व्हल साडेपाचच्या आसपास. आणि हलकं पळणं सात ते साडेसात मिनिटांनी. हा शेवटचा आकडा बघून अनेकांना कमीपणा वाटतो, स्ट्राव्हावर लोक काय म्हणतील असं वाटतं. म्हणू देत.

आता मूळ प्रश्न. वेगासाठी अख्खी मॅरेथॉन पळायला हवी का? ऑलिंपिक अंतराची किंवा ७०.३ ट्रायथलॉन करणार असाल, तर आमचं उत्तर नाही असं आहे. ३० किलोमीटरच्या पुढचं पळणं पायांवर जो ताण टाकतं, त्यातून सावरायला वेळ जातो, आणि त्या काळात सायकल आणि वेगाचा सराव दोन्ही मागे पडतात. सायकलने हृदय आणि फुप्फुसं तयार होतात, पण पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा जो दणका बसतो, त्याची सवय सायकल लावू शकत नाही. आमच्या मित्राच्या नडगीचं तेच झालं. दम होता, हाडं तयार नव्हती. त्यामुळे प्लॅन मॅरेथॉनच्या घरातला घ्या, पण त्याची १० किलोमीटरची किंवा हाफची आवृत्ती निवडा. फर्मन आणि डॅनियल्स दोघांकडेही ती आहे.

आणि एक भर मात्र स्वतःहून घाला, कारण मॅरेथॉनच्या कुठल्याच प्लॅनमध्ये ती नसते. सायकलवरून उतरून लगेच पळणं, ज्याला ब्रिक म्हणतात. आठवड्याला एकदा सायकलनंतर वीस मिनिटं पुरे. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडाचे वाटतात आणि गंमत म्हणजे तरीही पहिला किलोमीटर भलत्याच वेगात जातो, कारण सायकलच्या वेगाला सरावलेल्या डोक्याला पळणं हळू वाटतं. तो पहिला किलोमीटर मुद्दाम सावकाश पळायची सवय ब्रिकमध्येच लागते.

सोलापूरकरांसाठी याचं वेळापत्रकही वेगळं असतं. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो. त्या दिवसांत प्लॅनवरचा वेग गाठायचा हट्ट धरू नका, इंटर्व्हल सूर्य वर यायच्या आत उरका आणि वेळेपेक्षा श्वासाकडे लक्ष द्या. पळण्याचा वेग वाढवायला खरा काळ नोव्हेंबर ते जानेवारी. गड्ड्याची यात्रा जवळ येईपर्यंत पहाटेची हवा मस्त थंड असते आणि मोठी ट्रायथलॉन दूर असते, त्यामुळे सायकल कमी करून पळणं वाढवायला मोकळीक मिळते. फक्त याच दिवसांत उसाचा हंगाम जोरात असतो. अंधारात महामार्गाच्या कडेला, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांच्या बाजूने पळण्यापेक्षा एखाद्या मैदानाला कंटाळवाण्या फेऱ्या मारलेल्या बऱ्या.

सप्टेंबरमधली सातारा हिल हाफ मॅरेथॉन अनेकांना गोव्याआधीची तालीम वाटते. दमाची तालीम ती नक्कीच आहे. पण यवतेश्वरच्या घाटातून खाली येताना मांड्यांचा भुगा होतो आणि गोव्याची स्पर्धा ऑक्टोबरमध्ये असेल तर मध्ये फार थोडे आठवडे उरतात. साताऱ्याला गेलात तर उतारावर आवरतं घ्या.

गोव्याचं आणखी एक. सोलापूरचं ऊन कोरडं आहे, इथे घाम येतो तसा वाळतो आणि अंग थंड होतं. पणजीच्या मिरामारला हवा दमट, घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो. त्यामुळे सोलापुरात ४० अंशांत पळणारा माणूस गोव्यात ३१ अंशांत गार पडू शकतो. दमट हवेची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात आणि एवढी रजा कुणाला मिळत नाही. मग निदान पाण्यात मीठ घेण्याचा सराव घरून करून जा आणि पळण्याचे पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे वीस-तीस सेकंद हळू ठेवा. पंधराव्या किलोमीटरला जोर शिल्लक असेल, तर तिथून वेग वाढवायला कुणी अडवलेलं नाही.