विश्लेषण : प्रोबायोटिकच्या खोक्यावरील ‘अब्जावधी जिवाणू’ खरोखर जिवंत असतात का?

अँटिबायोटिकचा कोर्स सुरू झाला की चिठ्ठीवर प्रोबायोटिकची कॅप्सूल हल्ली बहुतेक असतेच. खोक्यावर अब्जांचे आकडे असतात. आत नेमके काय आहे, हे मात्र ग्राहकाला घरी तपासता येत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी बायफिडोबॅक्टेरियम असल्याचा दावा करणारी १६ उत्पादने तपासली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सर्व नमुन्यांत लेबलशी तंतोतंत जुळणारे उत्पादन एकच निघाले. एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये, इतकेच काय, एका गोळीतून दुसऱ्या गोळीतही फरक आढळला.

जिवाणू मोजतात कसे?

लेबलवर ‘सीएफयू’ हे एकक असते. नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करून पोषक माध्यमाच्या ताटलीत पसरतात, साधारण ३७ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवतात आणि उगवलेले ठिपके मोजतात. पद्धत जुनी, पण आजही हीच मुख्य. तिच्या मर्यादाही आहेत. साखळीने चिकटलेले जिवाणू मिळून एकच ठिपका देतात. मिश्रणात पाच-सहा जाती असतील तर कोण किती, हे नुसत्या ठिपक्यांवरून सांगणे कठीण. ओळख पटवायला डीएनए चाचणी लागते. पण डीएनए मेलेल्या जिवाणूंचाही सापडतो. त्यामुळे दोन्ही चाचण्या हव्यात. एकाच चाचणीच्या अहवालावर केलेली जाहिरात अर्धीच म्हणायची.

आकडा कोणत्या दिवसाचा?

खरी मेख इथे आहे. जिवाणू साठवणुकीत मरत राहतात, उष्णता आणि दमटपणात अधिकच. ‘उत्पादनाच्या वेळी’ असलेला आकडा आणि मुदत संपेपर्यंत टिकणारा आकडा यांत मोठी तफावत पडू शकते. म्हणून चांगले उत्पादक सुरुवातीलाच जादा जिवाणू घालतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेबलवर मुदतअखेरची जिवंत संख्या हवी. ‘एफएसएसएआय’च्या २०१६ च्या नियमांत प्रोबायोटिक खाद्यपदार्थांच्या दैनंदिन मात्रेत साधारणपणे किमान १० कोटी सीएफयू अपेक्षित आहेत. बॅसिलस जातींचे बीजाणू फ्रिजबाहेरही तग धरतात. लॅक्टोबॅसिलसची अनेक उत्पादने मात्र थंडच ठेवावी लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात डिलिव्हरीच्या पिशवीत तासन्‌तास फिरलेली बाटली मुदतीत असली, तरी त्या मुदतीला फारसा अर्थ उरत नाही.

नाव पूर्ण आहे का?

नुसते ‘लॅक्टोबॅसिलस’ पुरेसे नाही. प्रजातीनंतर स्ट्रेनची खूण हवी; जसे ‘लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी’. कारण फायद्याचा पुरावा त्या विशिष्ट स्ट्रेनचा असतो, त्याच्या भावकीचा नव्हे. (२०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस कुळाची फोड करून अनेकांना नवी नावे दिली गेली. याच जिवाणूचे नवे नाव ‘लॅक्टिकेसीबॅसिलस’ असे सुरू होते. ती फसवणूक नव्हे.)

नको असलेले काय शिरले?

हा भाग जाहिरातीत कधीच नसतो. उत्पादनात बुरशी किंवा रोगजंतू नाहीत, तसेच जिवाणूंकडे इतरांना देता येतील अशी अँटिबायोटिक-प्रतिरोधाची जनुके नाहीत, हे तपासावे लागते. २०१४ मध्ये अमेरिकेत मुदतपूर्व जन्मलेले एक बाळ बुरशीच्या संसर्गाने दगावले. त्याला दिलेल्या प्रोबायोटिक पावडरीत बुरशी सापडली आणि उत्पादन बाजारातून मागे घेतले गेले. २०२३ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने अशा बाळांबाबत पुन्हा इशारा दिला. या वेळी धोका उत्पादनात असलेल्या जिवाणूंचाच होता. म्हणून अशी बाळे, तसेच केमोथेरपी घेणारे किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेले रुग्ण यांना दुकानदाराच्या सल्ल्याने प्रोबायोटिक देऊ नये.

खरेदी करताना स्ट्रेनचे नाव, मुदतअखेरची संख्या आणि साठवणुकीचे तापमान एवढे तरी पाहावे. खोका ‘२ ते ८ अंश’ सांगत असेल आणि दुकानदार तो उघड्या फळीवरून काढून देत असेल, तर तो घेऊ नये.