नऊच ओळींचे भविष्य

पनवेलला जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा माळ्यावरच्या कितीतरी वस्तू रद्दीवाल्याच्या हातगाडीवर गेल्या. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी एखादी जुनी ट्रंक अजून असेल, तर ती उघडून पाहा. पोथ्या-पंचांगांच्या गठ्ठ्यात एखादे ‘प्रश्नावली’चे कोष्टक निघण्याचा संभव आहे. भविष्य सांगणारे हे घरगुती खेळ जमवण्याजोगे आहेत. त्यांतून भविष्य कळत नाही. पण त्यांची रचना मात्र उकलता येते.

तुलसी रामायणाच्या गीता प्रेसच्या प्रतीत छापलेली ‘रामशलाका’ घ्या. १५ ओळी आणि १५ स्तंभ, म्हणजे २२५ घरे. मनात प्रश्न धरून डोळे मिटून एका घरावर बोट ठेवायचे, ते अक्षर लिहायचे आणि पुढचे प्रत्येक नववे घर घेत जायचे. कोष्टक संपले की पुन्हा वरून सुरुवात. पाहता पाहता चौपाई तयार होते! पाहणारा थक्क होतो.

आता २२५ ला ९ ने भागा. बाकी शून्य, भागाकार २५. म्हणजे वेणीच्या पेडांसारख्या नऊ चौपाया एकमेकींत गुंफलेल्या आहेत, आणि बोट कोठेही पडले तरी त्यांपैकीच एक हाती येणार. घरे २२६ असती, तर नऊ-नऊच्या उड्या सगळ्या घरांवरून गेल्या असत्या आणि नऊही ओळींची खिचडी झाली असती. रचणारा गणितात पक्का होता, हे मान्य केलेच पाहिजे.

या नवांपैकी पाच ओळींचे फल शुभ सांगितले आहे. उरलेल्या चार ओळी शंकेच्या किंवा नकाराच्या आहेत. प्रश्न क्रिकेटच्या सामन्याचा असो, की आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यावे की नाही हा असो, ‘नको’च्या बाजूचे उत्तर येण्याची शक्यता नवात चार! शिक्षकांनी वर्गात ९० वेळा ‘आज शनिवार आहे का?’ असे विचारून पाहावे. सुमारे ५० वेळा शुभ उत्तर येईल, मग वार कोणताही असो.

रेल्वे स्थानकांवरच्या वजनकाट्याची तिकिटेही जमवा. नाणे टाकले की पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. लागोपाठ दोनदा उभे राहिले तर वजन तेच, भविष्य मात्र बहुधा निराळे. तरीही ते पटे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे स्वभाववर्णन’ म्हणून एकच मजकूर वाटला. त्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४ हून अधिक गुण दिले!

जमवलेल्या कागदांना चिकटपट्टी लावू नका. तिचे डाग पडतात. कोकणातल्या पावसाळी दमटपणापासून ते जपा. प्रत्येकासाठी वहीत नोंद ठेवा : कोणाच्या घरी मिळाला, कोण विचारत असे, आणि काय. शेवटचे आजीला विचारा. ते कागदावर सापडणार नाही.