चार ते वीस मिलिअँपिअरचं गणित

हर्णेच्या पुळणीवर मासळीचा लिलाव रंगतो तो बर्फाच्या भरवशावर. होडी बर्फ घेऊन निघते आणि विकलेली मासळीही बर्फातूनच गाडीत चढते. बंदरांना लाद्या पुरवणारे कारखाने बहुधा अमोनियावर चालतात. अशा प्लँटला पीएलसी बसवला की कॉम्प्रेसरच्या सक्शन लाइनवर प्रेशर ट्रान्समीटर येतो, आणि वायरमनपुढे प्रश्न येतो: दोनच वायरी आहेत, मग सप्लाय कुठे द्यायचा आणि सिग्नल कुठून घ्यायचा?

दोन्ही त्याच दोन वायरींतून. ट्रान्समीटर दाबानुसार लूपमधला प्रवाह 4 ते 20 मिलिअँपिअरच्या दरम्यान धरून ठेवतो. पॅनेलमधल्या 24 व्होल्ट डीसीचा प्लस फ्यूजमधून ट्रान्समीटरच्या प्लसला द्या. ट्रान्समीटरचा मायनस पीएलसीच्या अॅनालॉग इनपुट कार्डाच्या प्लसला आणि इनपुटचा मायनस सप्लायच्या शून्य व्होल्टला जोडा. कार्डाच्या आत 250 ओहमचा रोध असेल, तर 4 मिलिअँपिअरला 1 व्होल्ट आणि 20 ला 5 व्होल्ट पडतात. कार्ड मोजतं ते हेच.

केबलच्या लांबीची धास्ती नको. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची केबल 200 मीटर गेली, तर जाऊन-येऊन 400 मीटरचा रोध जेमतेम 5 ओहम होतो. 20 मिलिअँपिअरला त्यात 0.1 व्होल्ट जातो. शिवाय लूपमध्ये सगळीकडे प्रवाह एकच, त्यामुळे आकडा बदलतच नाही. व्होल्टेज सिग्नलला ही सोय नाही.

खरी गफलत होते ती सप्लाय कोणाचा हे न ठरवल्यामुळे. काही कार्डं लूपला 24 व्होल्ट स्वतःच पुरवतात. तिथे बाहेरून वेगळा सप्लाय द्यायचा नाही. चार वायरींच्या ट्रान्समीटरला स्वतःचा सप्लाय असतो आणि तो प्रवाह स्वतःच ढकलतो. त्याचे सिग्नल प्लस-मायनस थेट इनपुटच्या प्लस-मायनसला जातात, 24 व्होल्ट मध्ये आणायचे नाहीत. सप्लाय देणाऱ्या कार्डाला असा ट्रान्समीटर जोडला, तर दोन सप्लाय एकमेकांना भिडतात. म्हणून वायर सोलण्याआधी कार्ड आणि ट्रान्समीटर या दोन्हींची माहितीपुस्तिका उघडा.

आता आकडा. उणे 15 अंशांवर उकळणाऱ्या अमोनियाचा गेज दाब सुमारे 1.35 बार असतो. ट्रान्समीटर 0 ते 10 बारचा असेल, तर लूपमध्ये 6.16 मिलिअँपिअर दिसायला हवेत. सीमेन्सच्या एस7-1200 मध्ये 4 ते 20 ची रेंज निवडली, की 4 ला 0 आणि 20 ला 27648 मिळतात. इथे साधारण 3732 येईल. रेंज चुकून 0 ते 20 वर राहिली, तर तोच दाब पडद्यावर 3.08 बार दिसेल. वायरिंग अगदी बरोबर, तरी ऑपरेटर बिघाड शोधत बसेल कॉम्प्रेसरमध्ये!

शून्य दाबालाही 4 मिलिअँपिअर ठेवण्यामागे हेतू आहे. वायर तुटली की प्रवाह शून्यावर येतो. 3.6 च्या खालचा प्रवाह बिघाड समजून प्रोग्रॅममध्ये अलार्म ठेवा. नाहीतर तुटलेली वायर म्हणजे रिकामी लाइन असं पीएलसी समजेल.

शील्डला पॅनेलच्या बाजूला, एकाच टोकाला अर्थिंग द्या. सिग्नल केबल मोटर आणि ड्राइव्हच्या केबलपासून वेगळ्या ट्रेमधून न्या. किनाऱ्यावर मात्र खारा वारा आणि तांब्याला खाणारा अमोनिया दोन्ही असतात. टर्मिनल हिरवं पडतं, रोध वाढतो आणि ट्रान्समीटरला पुरेसे व्होल्ट मिळेनासे होतात. मग लहान आकडा बरोबर येतो, मोठा मात्र अडकतो. असं दिसलं की आधी लग आणि टर्मिनल बघा. टिन केलेले लग वापरा, ग्लँड घट्ट आवळा आणि केबल ट्रान्समीटरमध्ये खालून वळण देऊन आणा, म्हणजे पाणी आत उतरणार नाही.

मिलिअँपिअर मोजताना मल्टिमीटर लूप तोडून मध्ये लावा. त्याच सेटिंगवर थेट 24 व्होल्टच्या दोन टोकांना लावलात, तर मीटरचा फ्यूज उडेल. मासेमारी बंदीत प्लँट बंद असताना पावसाची दमट हवा टर्मिनलवर बसलेली असते. हंगामाचा पहिला कॉम्प्रेसर सुरू करण्याआधी प्रत्येक लूप असा मोजून घ्या.