पसंतीक्रमाची यादी : वरची नावे आणि खालची नावे



बारावीचा निकाल लागला की आमच्या बँकेच्या काउंटरसमोरची गर्दी बदलते. एरवी पीक कर्ज, पेन्शन, बचत गटाचा भरणा असे व्यवहार चाललेले असतात. जून-जुलैत मात्र मुलामुलींना सोबत घेऊन आलेले पालक विचारू लागतात, "साहेब, पोराचा नंबर पुण्याला लागला तर कर्ज किती भेटते?" मी साहेब नाही, कारकून आहे, पदवीही कला शाखेची. अभियांत्रिकी प्रवेशाशी माझा संबंध येण्याचे कारण नव्हते. तो आला माझ्या पुतण्यामुळे, आणि जे कळले ते उशिरा कळले. म्हणूनच हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

२०१९ साली पुतण्याने कॅप फेरीचा ऑप्शन फॉर्म भरला. यादीत नावे फक्त पाच, आणि पाचही पुण्या-मुंबईची. मी म्हटले, "बापू, शेगाव टाक, अमरावती टाक." तो म्हणाला, "काका, खाली साधी कॉलेजं टाकली की वरचं भेटत नाही म्हणतात. याला खालचं चालते, असं सिस्टीमला समजते न." हे त्याला क्लासमधल्या मुलांनी सांगितले होते. मला खोडून काढता आले नाही, कारण मलाही माहीत नव्हते. फेऱ्या संपल्या, पाचपैकी एकही मिळाले नाही, आणि शेवटी एका खासगी महाविद्यालयात संस्था स्तरावरची, म्हणजे लोक जिला मॅनेजमेंटची म्हणतात ती, जागा घ्यावी लागली. त्या कर्जाचा हप्ता अजून चालू आहे.

ती समजूत साफ चुकीची होती. संगणक जागा कशा वाटतो ते एकदा नीट पाहू. गुणवत्ता यादीत जो पहिला, त्याची पसंतीची यादी संगणक वरून वाचू लागतो. ज्या नावापुढे त्याच्या प्रवर्गाची जागा शिल्लक दिसते, ती त्याला देतो. मग दुसऱ्याची यादी, मग तिसऱ्याची. तुमची पाळी येते तेव्हा तुमच्या आधीच्यांनी काय उचलले आणि काय उरले, एवढेच पाहिले जाते. पुण्याचे सीओईपी पहिल्या क्रमांकावर लिहिले आणि ते भरलेले असले, तर संगणक तुमच्या दुसऱ्या नावाकडे येतो. दरम्यान ते दुसरे महाविद्यालय तुमच्या मागच्या मुलाला जात नाही, जरी त्याने ते पहिले लिहिलेले असले तरी. म्हणजे मोठे नाव वर लिहिल्याने काही गमावत नाही, आणि साधे नाव खाली लिहिल्याने वरचे निसटत नाही. नुकसान एकाच गोष्टीने होते : यादी लवकर संपल्याने.

आपल्या समाजात याची उलटी चूकही दिसते, आणि ती मला अधिक सलते. चांगल्या गुणांची मुलगी यादीची सुरुवातच जवळच्या महाविद्यालयापासून करते. का, तर "आपल्याला तिकडे कोण घेते?" यादी इच्छेच्या क्रमाने लिहावी, शक्यतेचा विचार क्रम ठरवताना नव्हे, यादी किती खोल न्यायची ते ठरवताना करावा.

मात्र एक नियम डोळ्यात तेल घालून वाचावा. २०२५ च्या प्रवेशापासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे मिळाले तर ते पक्के, पुढच्या फेरीत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळाले तर पक्के, तिसरीत पहिल्या सहापैकी. यालाच ऑटो फ्रीझ म्हणतात. म्हणून वरची सहा नावे तरी अशी असावीत की मिळाल्यावर हळहळ वाटू नये. "टाकून पाहू, नाही तर बेटरमेंटला जाऊ" हा खेळ तिथे चालत नाही. नियम दरवर्षी थोडे बदलतात. सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय सायबर कॅफेवाल्याच्या सांगण्यावरून बटण दाबू नये.

यादी किती खोल न्यावी हे मागच्या वर्षीच्या कटऑफवरून समजते. त्यात जीएससीएच, एलएससीएस अशी अक्षरे पाहून पालक बिचकतात, पण ती सोपी आहेत. पहिले अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधले एससी म्हणजे प्रवर्ग. शेवटचे एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. बुलढाणा जिल्ह्याचे गृह विद्यापीठ संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. म्हणून शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी पुण्याच्या मुलाने पाहायचा रकाना वेगळा आणि हिवरा आश्रमच्या मुलाने पाहायचा वेगळा. खुल्या प्रवर्गाचा आकडा पाहून निराश झालेली आपली मुले मी पाहिली आहेत. स्वतःचा रकाना त्यांनी पाहिलाच नव्हता. शिवाय पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. शेजारी छापलेला मेरिट नंबर पाहावा आणि आपल्या नंबराशी ताडून पाहावा. आपल्यापेक्षा बऱ्याच मागच्या नंबरवर बंद झालेली निदान पाच-सहा नावे यादीच्या तळाशी असली, तरच रात्री झोप लागते.

आता पैशाचे, कारण ते माझ्या टेबलावरचे काम. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप मिळते ती कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला. मॅनेजमेंटच्या जागेला ती नाही. पुतण्याचे नेमके इथेच बुडाले. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. तिचे उत्पन्नाचे निकष वेळेवर पाहून ठेवावेत. आयआयटी व एनआयटीत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क पूर्ण माफ असते, आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात. म्हणजे "मोठे कॉलेज महाग, छोटे स्वस्त" हा आपला अंदाज पुष्कळदा उलटा ठरतो. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते खरी, परंतु व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते. सही करताना हे कोणी विचारत नाही.

कागदपत्रांविषयी एकच, पण महत्त्वाचे. जात वैधता प्रमाणपत्रासाठी बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नये. अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत बुलढाण्याच्या समितीकडे अर्ज करावा. ते मुदतीत सादर झाले नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो आणि विचार खुल्या प्रवर्गातून होतो. केंद्रीय संस्थांसाठीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि त्यावर अनुसूचीतील जातीचे नाव असावे लागते. नुसते 'नवबौद्ध' लिहिलेला दाखला तिथे परत येतो. १९९० साली बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या, तरी नमुन्यापायी आजही मुले अडतात.

खालच्या नावांकडे आपण तुच्छतेने पाहतो, हे मला पटत नाही. आपल्या गावातच विवेकानंद कृषी महाविद्यालय आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न. अर्ज वेगळा, कॅप वेगळी, परंतु गुण त्याच एमएचटी-सीईटीचे. बँकांत कृषी क्षेत्र अधिकारी म्हणून आयबीपीएसमार्फत भरती होते तिला कृषी वा तत्सम शाखेची चार वर्षांची पदवी लागते. माझ्या शाखेत त्या पदावर आलेला मुलगा वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे आणि मी त्याला साहेब म्हणतो. पुढे एम.एस्सी.ही करता येते.

बाबासाहेबांचे उदाहरण या संदर्भात मला नेहमी आठवते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९१८ ते १९२० मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली, पगारातून पैसे मागे टाकले, शाहू महाराजांची मदत व मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली डी.एस्सी. पूर्ण झाली. सिडनहॅमची ती दोन वर्षे त्यांच्या यादीतले खालचे नाव होती असे म्हटले, तर चूक होणार नाही.

मागच्या हंगामात शेजारची एक मुलगी यादी घेऊन घरी आली. एकोणतीस नावे, वर सीओईपी आणि व्हीजेटीआय, मध्ये अमरावतीचे शासकीय, शेगाव, खाली आणखी बरीच. कृषीचा अर्जही वेगळा भरलेला. तिचे वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या नावांवर बोट ठेवले आणि विचारले, "हे भेटलं तर जाशील का, माय?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग पेन घेऊन तिने तळची दोन नावे खोडली, आणि त्यांच्या जागी जळगाव जिल्ह्यातले एक आणि अकोल्याचे एक लिहिले.